सूक्ष्म शैवालातली कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं

सूक्ष्म शैवाल म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारं एकपेशीय शेवाळ, आणि त्यात तयार होणारी पिवळी, केशरी, लाल रंगद्रव्यं म्हणजे कॅरोटिनॉइड. बीटा कॅरोटिन, ल्युटिन, अ‍ॅस्टाझॅन्थिन ही नेहमी कानावर येणारी नावं, बहुतेकांचा सांगाडा 40 कार्बनचा. प्राण्यांना ही द्रव्यं स्वतः बनवता येत नाहीत (मोजके अपवाद सोडून), खाण्यातूनच मिळतात, म्हणून शिवडीला नि ठाणे खाडीत येणारे फ्लेमिंगो गुलाबी दिसतात. कोळंबीतही अ‍ॅस्टाझॅन्थिनच असतं, पण प्रोटीनला बांधलेलं, त्यामुळे कच्ची असताना करडी दिसते आणि कढईत पडली की प्रोटीन मोडून लाल होते.

शेवाळाला हे लागतं ते उन्हापासून वाचायला. ड्युनालिएला सलिना हे मिठागरात वाढणारं शेवाळ घ्या, कडक ऊन, भरपूर मीठ, त्यात नायट्रोजन कमी पडला की ते वाढायचं थांबतं आणि बीटा कॅरोटिन साठवत बसतं, सुक्या वजनाच्या 10 टक्क्यांपर्यंत सुद्धा. 2020 च्या जूनमध्ये लोणार गुलाबी झालं तेव्हा याचंच नाव पुढे आलं होतं, पण पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत हॅलोआर्किया (खाऱ्या पाण्यात राहणारे, जिवाणूंसारखे सूक्ष्मजीव) निघाले, अर्थात त्यांचा रंगही कॅरोटिनॉइडचाच. हिमॅटोकॉकस हे गोड्या पाण्यातलं, आधी हिरवं वाढवायचं आणि मग मुद्दाम उपाशी ठेवून लाल करायचं, तेव्हा 4-5 टक्के अ‍ॅस्टाझॅन्थिन मिळतं.

खरी अडचण खर्चाची आहे. हिमॅटोकॉकसचं कवच जाड, ते फोडायलाच मेहनत लागते, शिवाय गोड्या पाण्यात नको ते जीव लगेच शिरतात. त्यामुळे पाळीव सॅल्मन माशाच्या (आपला रावस नव्हे) खाद्यात, मांस गुलाबी दिसावं म्हणून, अजून बहुतेक पेट्रोकेमिकलपासून बनवलेलं स्वस्त अ‍ॅस्टाझॅन्थिनच जातं आणि शेवाळातलं महागडं माणसांच्या सप्लिमेंटमध्ये. ड्युनालिएलाचं बरं असतं, खारटपणामुळे दुसरं फारसं काही टिकत नाही आणि पेशीला कडक भिंतच नाही, म्हणून ऑस्ट्रेलियात हट लगूनला उघड्या तळ्यांत त्याची मोठी शेती चालते. भांडुप, मुलुंडची मिठागरं बघून इथेच का नको असं वाटतं खरं, पण चार महिने पाऊस सगळं खारेपण धुऊन टाकणार आणि उरलेले आठ महिने त्या जमिनीवर बिल्डरांचा डोळा.

आणि नैसर्गिक आहे म्हणून केमिस्टकडून आणून कितीही गोळ्या खाव्यात असं नाही. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांना रोज 20 मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन (कृत्रिम) देऊन बघितलं, तर 1994 च्या निकालात त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर कमी नाही, उलट वाढलेला दिसला.