ब्लॉकचा ट्रक येण्याआधी तुमचे गवंडी अर्धा दिवस आमच्याकडे का हवेत?

एएसी ब्लॉकची, म्हणजे वाफेवर पक्क्या केलेल्या हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकची ऑर्डर देताना जवळजवळ प्रत्येक ग्राहक विचारतो, "आमचा मिस्त्री वीस वर्षं भिंती बांधतोय. त्याला तुम्ही काय नवीन शिकवणार?" प्रश्न रास्त आहे. ओळंबा धरणं, लाइनदोरी लावणं, सांधेमोड सांभाळणं ही विद्या त्याचीच. त्यात आम्ही हात घालत नाही. पण विटेच्या कामात त्याच्या अंगवळणी पडलेली एक गोष्ट ब्लॉकच्या भिंतीला मारक ठरते, आणि ती फोनवर सांगून सुटत नाही.

ती म्हणजे माल भिजवणं. मातीची वीट कोरडी लावली तर मसाल्यातलं पाणी ओढून घेते, म्हणून ती भिजवूनच लावायची, हे गवंडी पोरवयात शिकतो. ब्लॉकचा ट्रक रिकामा झाला की त्याच इमानाने तो थप्पीवर पाइप सोडतो. ब्लॉक सच्छिद्र असतो, पाणी पोटात धरून ठेवतो. भिंत ओलीच उभी राहते, तिच्यावर गिलावा चढतो, आणि पुढचे काही महिने ती आतून वाळत आकसत जाते. तडे मग गिलाव्यावर उमटतात. फोन आम्हाला येतो: "तुमचा माल खराब निघाला."

गेल्या वर्षी अशाच एका बंगल्यावर तड्याच्या जागी गिलावा खरवडून पाहिला. ब्लॉक अखंड होते, उघडले होते ते सांधे. गिलावा पुन्हा करावा लागला आणि तोवर रंगकाम अडून राहिलं. तिथे आम्ही ठेकेदाराला सगळं समजावलं होतं, पण थापी धरणारे चौघे आमच्याकडे आलेच नव्हते. म्हणून आता कळकळीने सांगतो: ठेकेदाराला किंवा मुकादमाला पाठवून भागत नाही. ज्यांचे हात भिंतीला लागणार, तेच आले पाहिजेत. मध्येच टोळी बदलली, तर नवी टोळीही.

आमच्या आवारात रात्रभर टाकीत बुडवलेला एक ब्लॉक आणि एक कोरडा ब्लॉक शेजारी ठेवलेले असतात. गवंडी दोन्ही उचलून बघतो आणि बहुतेक वेळा पुढचं बोलायची गरजच उरत नाही. पृष्ठभागावरची धूळ ब्रशने झटकायची, लावण्यापुरता ओला हात फिरवायचा, बस. मग खाचेच्या थापीने केमिकलचा, म्हणजे ब्लॉक चिकटवायची पावडर पाण्यात कालवून केलेल्या मसाल्याचा, ३ मिलिमीटरचा सांधा. आदल्या दिवशी चिकटवलेली जोडी आम्ही त्यांनाच हातोड्याने फोडायला देतो. ब्लॉक फुटतो, सांधा टिकतो.

बिगारी बायांनाही बोलावतो, कारण केमिकल कालवणं बहुधा त्यांच्याकडेच असतं. पाण्यात पावडर टाकायची, पावडरीत पाणी नाही. कालवून पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा कालवायचं. घट्ट झाल्यावर वरून पाणी ओतायचं नाही. त्या हे एकदा बघून पक्कं धरतात. इलेक्ट्रिशियन आला तर उत्तमच. छिन्नी-हातोड्याने खाच मारली की भिंत हादरते. कटर कसा चालवायचा ते दाखवतो.

पाण्याचं म्हणाल तर ब्लॉक कारखान्यात दाबाखालच्या वाफेत पक्का होऊनच येतो आणि केमिकलच्या सांध्यालाही वरून पाणी मारावं लागत नाही. विटेच्या भिंतीला आठवडाभर पाणी मारावं लागतं, ते वाचतं. सिन्नर-येवल्याकडे उन्हाळ्यात टँकर मागवून बांधणाऱ्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. पहिला थर मात्र लेव्हल मिळवण्यासाठी सिमेंट-वाळूच्या मसाल्यातच, आणि सिमेंटच्या गिलाव्याला नेहमीसारखं पाणी हवंच. शिवाय एकलहऱ्यासारख्या औष्णिक केंद्रांतली राख अशा ब्लॉकमध्ये कामी येते आणि विटेसाठी शेताची माती खरवडावी लागत नाही. हा फायदा ओल्या, तडकलेल्या भिंतीत वाया जाऊ नये, म्हणूनच आमचा हट्ट.

ब्लॉक आणि केमिकल दोन्ही आमच्याकडून घेणाऱ्यांना शिकवणीचा वेगळा आकार नाही. माल दुसरीकडून घेतला असेल तरी या. फक्त साहित्याचा खर्च घेतो. गवंड्यांची त्या अर्ध्या दिवसाची हजेरी मात्र तुम्ही कापू नका. पगार बुडतो म्हटल्यावर कुणी मन लावून शिकत नाही.

ट्रकची तारीख ठरवतानाच किती जण येणार ते सांगा. आपापली थापी आणि ओळंबा घेऊन सकाळी नऊला आवारात यावं, चहा आमच्याकडे.