विद्यापीठातल्या सहकाऱ्याचं नाव ब्रिटिश राजसन्मानासाठी सुचवताय? अर्ज कुठे अडकतो ते आधी वाचा

ब्रिटनमध्ये वर्षातून दोनदा सन्मानांची यादी लागते. एक डिसेंबरच्या अखेरीस, नववर्षाची. दुसरी जूनमध्ये, राजाच्या अधिकृत वाढदिवसाची. यादी लागली की इथल्या विद्यापीठांत नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींचे मला फोन येतात. "आमच्या ऑफिसातल्या बाई इतकी वर्षं कृष्णवर्णीय मुलांसाठी मरमर मरतायत, त्यांना का नाही मिळत?" मी विचारते, त्यांचं नाव कुणी पाठवलं होतं का? पलीकडे शांतता. नाव पाठवल्याशिवाय तिथे कुणाला स्वप्न पडत नाही हो.

हे सगळं कर्मचाऱ्यांबद्दल आहे, प्राध्यापकांबद्दल नाही. प्राध्यापकांच्या मागे शोधनिबंध असतात, पदं असतात, त्यांची नावं आपोआप डोळ्यांसमोर येतात. प्रवेश विभाग, ग्रंथालय, वसतिगृह, लेखा विभाग इथली माणसं मात्र कागदावर कुठेच दिसत नाहीत. आणि ब्रिटिश विद्यापीठांत प्राध्यापकांमध्ये कृष्णवर्णीयांचं प्रमाण शंभरात जेमतेम एक. म्हणजे नायजेरियातल्या लागोस किंवा जमैकातल्या किंग्स्टनहून आलेल्या, नाहीतर इथेच लंडनच्या ब्रिक्स्टन भागात वाढलेल्या मुलाला अडचणीत आपलं वाटणारं माणूस बहुधा कुठल्या तरी खिडकीमागे बसलेलं असतं. त्याच्यासाठी अर्ज करायचा तर तो कसा, एवढंच सांगते.

अर्ज सरकारच्या गव्ह डॉट यूके या संकेतस्थळावर भरायचा. फी नाही. कुणीही कुणाचंही नाव सुचवू शकतं. तुम्ही स्वतः ब्रिटिश नागरिक नसलात तरी. स्वतःचं नाव मात्र स्वतः देता येत नाही. पद्म पुरस्काराला ते चालतं, त्यामुळे आपल्या लोकांचा इथे गोंधळ होतो. दुसरा गोंधळ कागदांचा. सातबारा काढायला निघाल्यासारखी लोक दाखल्यांची चळत गोळा करतात, साक्षांकित प्रती कुठून करायच्या म्हणून विचारतात. साक्षांकित काहीही लागत नाही. लागतं ते एवढंच: व्यक्तीचं नाव, वय, पत्ता, संपर्क; तिने केलेल्या कामाचं सविस्तर वर्णन; आधी मिळालेले पुरस्कार असतील तर ते; आणि तिला जवळून ओळखणाऱ्या दोन जणांची पाठिंब्याची पत्रं. बातमीचं कात्रण, फोटो, आभाराचं पत्र असं काही असेल तर जोडा, नसेल तर अडत नाही.

यात सगळ्यात सोपा वाटणारा रकाना सगळ्यात जास्त छळतो. वय आणि पत्ता. कारण ज्याचं नाव देताय त्याला हे कळू द्यायचं नाही, असा नियम आहे. उगाच आशा लागू नये म्हणून. मग वय विचारायचं कसं? एचआरकडे जाल तर तिथली मुलगी गोड हसून नाही म्हणेल, आणि तिचं बरोबरच आहे. माहिती-संरक्षणाचा कायदा तिच्या डोक्यावर बसलेला असतो. एचआरमध्ये ओळख काढून माहिती मिळवू नका, तिची नोकरी जाईल. घरच्या एखाद्या माणसाला, नवऱ्याला किंवा बहिणीला, विश्वासात घ्या. आमच्याकडे एकांचं वय पन्नासाव्या वाढदिवसाच्या केकवरून मोजलं होतं. केक २०१९ चा, फोनमध्ये फोटो होता, मेणबत्त्यांचे आकडे स्पष्ट दिसत होते. पत्ता दिवाळीचा फराळ पाठवायचाय म्हणून घेतला. फराळ खरंच पाठवला, ते सांगायला हवं.

आता मुख्य गोष्ट, जिथे अर्ज खरा मरतो. वर्णन.

गेल्या वर्षी वित्त विभागातल्या एका मुलाने, मूळचा सांगलीचा, मला मसुदा वाचायला दिला. "ताई, जरा नजर टाका. तीन पानं झालीत." पहिलं पान: बाई समानता समितीच्या सहअध्यक्ष आहेत, कृष्णवर्णीय कर्मचारी गटाच्या संस्थापक सदस्य आहेत, विद्यापीठाच्या धोरणात त्यांचं मोलाचं योगदान आहे. दुसऱ्या पानावर 'बांधिलकी' हा शब्द चार वेळा. तिसऱ्यावर समित्यांची नावं. मी म्हटलं, "अरे, पण बाईंनी केलं काय?"

तो चहाचा कप हातात धरून बसला आणि मग सांगायला लागला. २०१६ मध्ये नायजेरियाचं चलन, नायरा, कोसळलं. पोरांच्या घरून पैसे निघत, पण बँकेत अडकत, आणि पोचेपर्यंत ते पुरेनासे होत. फी थकली म्हणून नोंदणी रद्द करण्याची पत्रं निघायला लागली. बाईंचा फी-वसुलीशी काही संबंध नव्हता, त्या वसतिगृहाच्या कार्यालयात. पण त्या रोज संध्याकाळी एकेका मुलाला घेऊन याच्या टेबलाशी यायच्या, हप्ते पाडून घ्यायच्या, वरिष्ठांना भेटायच्या. सुरुवातीला अपवाद म्हणून दिलेले हप्ते पुढच्या वर्षी सगळ्यांसाठी नियम झाले. आजही आहेत.

"हे कुठाय पत्रात?"

"हे काय लिहायचं, ताई? हे तर सगळ्यांना माहितीये."

सगळ्यांना म्हणजे त्या मजल्यावरच्या बारा माणसांना. लंडनमध्ये कागद वाचणाऱ्याला यातलं काहीही माहीत नाही. त्याच्यासमोर समितीची नावं म्हणजे नुसतं पदाचं वर्णन, आणि पदाचं काम करण्यासाठी पगार मिळतोच. त्याला बघायचंय ते नेमून दिलेल्या कामापलीकडचं. म्हणून प्रत्येक परिच्छेदाला मी एकच प्रश्न विचारायला सांगते: या बाई इथे नसत्या तर कोणती गोष्ट झाली नसती? उत्तर नसेल तर तो परिच्छेद काढा, कितीही सुंदर लिहिलेला असला तरी. आधी काय होतं, नंतर काय झालं, किती जणांना उपयोग झाला, किती वर्षं टिकलं, दुसऱ्या कुणी उचललं का. एवढ्यावर पत्र उभं राहतं.

याच ओघात आकड्यांचं सांगते. ब्रिटिश विद्यापीठांची संघटना आणि राष्ट्रीय विद्यार्थी संघटना यांचा २०१९ चा एक अहवाल आहे; श्वेतवर्णीय आणि अल्पसंख्य वंशांच्या विद्यार्थ्यांत प्रथम वा उच्च द्वितीय श्रेणी मिळवणाऱ्यांच्या प्रमाणात १३ टक्क्यांचं अंतर असल्याचं त्यात दाखवलं होतं. अनेक जण पत्राची सुरुवातच या आकड्याने करतात. हा आकडा देशाचा, तुमच्या बाईंचा नाही. तुमच्या विभागात त्यांच्यामुळे काही अंतर कमी झालं असेल तर ते लिहा. नसेल तर हा आकडा सोडून द्या.

शब्दांचंही तसंच. 'विविध पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांसाठी' असं लिहिलं की काम धुक्यात जातं. सगळ्या गोऱ्या नसलेल्यांना एकाच पोत्यात भरणारा 'बेम' हा संक्षेप सरकारी लिखाणातूनही आता बाजूला पडलाय. काम कॅरिबियन वंशाच्या इथल्या मुलांसाठी होतं की पश्चिम आफ्रिकेतून शिकायला आलेल्यांसाठी, ते स्पष्ट लिहा. दोघांच्या अडचणी वेगळ्या. एकाचा प्रश्न व्हिसाचा, दुसऱ्याचा आजी विंडरश जहाजाच्या काळात, म्हणजे १९४८ च्या सुमारास कॅरिबियनहून, आली तरी अजून "मूळचा कुठला?" हे ऐकावं लागण्याचा.

पाठिंब्याची पत्रं दोन, आणि तिथेही हमखास माती खाल्ली जाते. लोक थेट कुलगुरूंकडे धावतात. मोठा लेटरहेड, मोठी सही. कुलगुरू बाईंना वर्षातून एकदा नाताळच्या पार्टीत भेटलेले. पत्रात तीन ओळी, त्याही तुमच्याच अर्जातून उचललेल्या. जवळून ओळखणारा माणूस हवा असं सरकार सांगतं ते उगाच नाही. एक पत्र ज्याला फायदा झाला अशा माजी विद्यार्थ्याचं घ्या, दुसरं बाहेरच्या कुणाचं, म्हणजे चर्चचं, स्थानिक शाळेचं, शहरातल्या एखाद्या संस्थेचं. दोघांना एकच नमुना पाठवू नका. प्रत्येकाने स्वतः पाहिलेली एक घटना लिहू दे. आणि दोघांनाही तोंड बंद ठेवायला बजावा. माजी विद्यार्थी आनंदाच्या भरात फोटोसकट पोस्ट टाकून मोकळे होतात.

कोणता सन्मान द्या हे आपण ठरवायचं नाही. एमबीई, त्याच्या वरचा ओबीई (दोन्ही 'ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर' या श्रेणीतले) की ब्रिटिश एम्पायर मेडल, ते समिती ठरवते. 'किमान ओबीई तरी' असं लिहिलेलं पत्र मी डोळ्यांनी पाहिलंय. भाजीच्या गाडीवर घासाघीस केल्यासारखं वाटतं ते.

नागरिकत्वाचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. राजा ज्या देशांचा राष्ट्रप्रमुख आहे तिथल्या नागरिकांना नेहमीचा सन्मान मिळतो, बाकीच्यांना मानद, आणि मानद सन्मानाचं काम परराष्ट्र खात्याकडे जातं. जमैकाचा पासपोर्ट असेल तर राजा अजून राष्ट्रप्रमुख आहे. बार्बाडोस ३० नोव्हेंबर २०२१ ला प्रजासत्ताक झालं, तिथला पासपोर्ट असेल तर मानद. घाना, नायजेरिया, आणि अर्थात आपला भारत, यांचंही तेच. रतन टाटांना २००९ आणि २०१४ मध्ये मिळालेले सन्मान असेच मानद होते, म्हणून त्यांना कुणी 'सर रतन' म्हटलं नाही. सोबत ब्रिटिश नागरिकत्व असेल तर ही भानगडच नाही. तीस वर्षं इथे राहिली म्हणून बाई ब्रिटिशच असणार, असं मात्र धरून चालू नका.

तारखेचं काय? तारीखच नाही. वर्षभर कधीही पाठवा. पण याचा अर्थ लोक उलटा घेतात. ऑक्टोबर हा इथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. तेव्हा उत्साह येतो, अर्ज जातो, आणि लगेच नववर्षाच्या यादीत नाव शोधलं जातं. अहो, बारा ते अठरा महिने लागतात. छाननी होते, करखात्याकडूनही तपासणी होऊ शकते, विषयवार समिती बसते, मग मुख्य समिती, मग पंतप्रधान, मग राजा.

या अठरा महिन्यांमुळे एक क्रूर गोष्ट घडते. ज्या कामासाठी नाव देताय त्यात व्यक्ती अजून सक्रिय असावी लागते. आणि आपण काय करतो? निरोप समारंभ होतो, भाषणं होतात, सगळ्यांचे डोळे पाणावतात, आणि तेव्हा कुणाला तरी सुचतं की यांना काहीतरी मिळायला हवं होतं. निवृत्तीला दोन-तीन वर्षं असतानाच पत्र लिहायला घ्या. माणूस वारल्यावर तर नाव देताच येत नाही.

आणखी एक, जरा नाजूक. या सन्मानांच्या नावात 'एम्पायर' आहे. ही श्रेणी पाचव्या जॉर्जने १९१७ मध्ये सुरू केली. कवी बेंजामिन झेफानाया यांनी २००३ मध्ये ओबीई जाहीरपणे नाकारला, तो याच शब्दामुळे, त्यामागच्या गुलामगिरीच्या आठवणीमुळे. पुढे ते ब्रुनेल विद्यापीठात प्राध्यापक झाले. २००४ मध्ये संसदेच्या एका समितीने 'एम्पायर'ऐवजी 'एक्सलन्स' करा असं सुचवून पाहिलं, पण शब्द आहे तिथेच आहे. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. रावबहादुरांकडे आपले पणजोबा कोणत्या नजरेने बघायचे ते आठवा, आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१४ मध्ये सरकारचा 'सर' किताब घ्यायला नकार दिला होता तेही. तेव्हा बाईंना थेट विचारता येत नसलं, तरी जेवणाच्या टेबलावर यादीचा विषय काढून त्यांचा सूर ऐकून ठेवा. विषय निघताच त्या ताडकन उठून गेल्या तर तुमचे बरेच कष्ट वाचले.

निवड झाली तर यादी जाहीर होण्याच्या काही आठवडे आधी त्या व्यक्तीला गोपनीय पत्र जातं आणि स्वीकारणार का ते विचारलं जातं. नकार दिला तर यादीत नाव येत नाही, बभ्रा होत नाही. निवड झाली नाही तर का नाही याचं कारण कुणी कळवत नाही. नव्या पुराव्यासह पुन्हा नाव पाठवायला हरकत नसते. ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं तर ते राजवाड्यात नाही, स्थानिक लॉर्ड-लेफ्टनंटच्या, म्हणजे त्या भागातल्या राजाच्या प्रतिनिधीच्या हस्ते मिळतं. राजवाड्याच्या बागेतल्या पार्टीचं आमंत्रण वेगळं येतं.

सांगलीकराने पत्र नव्याने लिहिलं. दीड पान. सुरुवात नायऱ्यापासून. अर्ज जाऊन सात महिने झालेत. कॉरिडॉरमध्ये बाई समोरून आल्या की तो अजूनही उगाचच मोबाइल काढून त्यात बघत चालायला लागतो. परवा त्यांनी मला विचारलं, "याचं माझ्यावर काही बिनसलंय का?"