फुकटचा पैसा सरकारला कसा बदलतो: हाझेम अल-बेब्लावींची गोष्ट

हाझेम अल-बेब्लावी हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसेल, पण अरब देशांचं राजकारण थोडं खोलात वाचायला घेतलं की त्यांची एक थिअरी भेटतेच. जन्म १९३६, कैरो. आधी कायदा शिकले, मग पॅरिसहून अर्थशास्त्रात डॉक्टरेट, परत येऊन अलेक्झांड्रिया विद्यापीठात प्राध्यापकी, मधे कुवेतमध्ये नोकरी.

१९८७ मध्ये जाकोमो लुचियानी या इटालियन अभ्यासकासोबत त्यांनी 'रेंटियर स्टेट', म्हणजे भाड्यासारख्या आयत्या मिळकतीवर चालणारं राज्य, या विषयावर पुस्तक संपादित केलं. मूळ कल्पना हुसेन महदवी या इराणी अर्थतज्ज्ञाची, १९७० ची, पण ती अरब देशांना नीट लावून दाखवली या दोघांनी. एखाद्याची चार घरं भाड्याने दिलेली असतील तर महिन्याच्या महिन्याला पैसा येतो, त्यासाठी रोज राबावं लागत नाही. तेलवाल्या देशांचं तसंच होतं. पैसा बाहेरून येतो, तो कमावण्यात मूठभर लोक असतात, बाकी सगळे तो वाटण्यात नाहीतर खर्चण्यात, आणि तो जमा होतो थेट सरकारकडे. मग सरकारला लोकांकडून टॅक्स घ्यायची गरजच उरत नाही, आणि टॅक्स न देणारी जनता हिशोब कुठल्या तोंडाने मागणार? बेब्लावी अजून एक पाऊल पुढे जातात. ते म्हणतात की यात मानसिकताच बदलते, मेहनत आणि कमाई यांचा संबंध तुटतो, मिळकत म्हणजे नशीब किंवा ओळखीपाळखीचा खेळ वाटायला लागतो.

मला सगळ्यात भारी वाटतो तो पुढचा भाग. तेल नसलेले अरब देशही यातून सुटत नाहीत, कारण तोच पैसा मदत म्हणून आणि आखातात राबणाऱ्या कामगारांनी घरी पाठवलेल्या पगारातून त्यांच्यापर्यंत झिरपतो. इजिप्त अगदी असाच, वर सुएझ कालव्याची टोलवसुली आहेच.

जुलै २०११ मध्ये, राष्ट्राध्यक्ष मुबारक यांची सत्ता गेल्यानंतर, ते इजिप्तचे अर्थमंत्री आणि उपपंतप्रधान झाले. ऑक्टोबरमध्ये कैरोतल्या मास्पेरो भागात कॉप्टिक ख्रिश्चन आंदोलकांवर लष्कराने केलेल्या कारवाईत वीसहून जास्त माणसं गेली. त्यावरून बेब्लावींनी राजीनामा दिला, पण तेव्हा सत्ता हातात असलेल्या लष्करी परिषदेने तो स्वीकारला नाही.

जुलै २०१३ मध्ये लष्कराने निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांना हटवलं आणि ९ तारखेला बेब्लावींना पंतप्रधान नेमलं. नेमकं त्याच दिवशी सौदीने ५ अब्ज आणि अमिरातीने ३ अब्ज डॉलर्सची मदत जाहीर केली, दुसऱ्या दिवशी कुवेतने ४ अब्ज. म्हणजे ज्या पैशाबद्दल त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलं होतं त्याच पैशावर आता त्यांचं सरकार उभं होतं, आणि तिजोरी इतकी रिकामी होती की नाही म्हणायची सोयच नव्हती. माझ्या मते थिअरीची ताकद इथेच दिसते, ती माणसाच्या चांगुलपणावर अवलंबून नाही, रचना बदलत नाही तोवर खुर्चीत कोणीही बसो.

पण माणसाची जबाबदारी त्याने संपत नाही. १४ ऑगस्टला कैरोतल्या रबा चौकातलं मोर्सी समर्थकांचं धरणं आंदोलन मोडताना शेकडो लोक मारले गेले, ह्यूमन राइट्स वॉचच्या मते किमान ८१७. उपराष्ट्राध्यक्ष अल-बरादेई यांनी त्याच दिवशी पद सोडलं. मास्पेरोनंतर राजीनामा देणारे बेब्लावी मात्र यावेळी पदावर राहिले आणि कारवाईचं समर्थन करत राहिले. हे मला आजही पटत नाही.

पुढे आखाती पैशातून सरकारी खर्च वाढवला, सरकारी नोकरांना जानेवारी २०१४ पासून १२०० इजिप्शियन पौंड किमान पगार जाहीर झाला, तरी संप थांबले नाहीत. २४ फेब्रुवारी २०१४ ला त्यांच्या सरकारने राजीनामा दिला. नंतर ते वॉशिंग्टनला नाणेनिधीच्या कार्यकारी मंडळावर गेले आणि इजिप्तने २०१६ मध्ये त्याच नाणेनिधीकडून १२ अब्ज डॉलर्सचं कर्ज घेतलं.