मधमाश्यांचे वसंतारंभीचे पूरक खाद्य

हिवाळा ओसरत आलेला असतो, पण फुलोरा अजून सुरू झालेला नसतो, अशा मधल्या आठवड्यांत पेटीतील मधमाश्यांना साखर किंवा परागाला पर्यायी खाद्य पुरवण्याची पद्धत. ती मुख्यतः समशीतोष्ण प्रदेशांत, पाश्चात्त्य मधमाशीच्या (एपिस मेलिफेरा) पालनात रूढ आहे. तिच्यामागे दोन वेगळे हेतू असतात आणि त्यांची नेहमी गल्लत होते. एक, उपासमारीने मरू घातलेली वसाहत वाचवणे. दुसरा, धडधाकट वसाहतीची वाढ मुद्दाम लवकर सुरू करून देणे. पहिल्याच्या गरजेबद्दल वाद नाही. दुसऱ्याबद्दल मधपाळांत आणि संशोधकांतही एकमत नाही.

उपासमारीचा खरा धोका ऐन कडाक्यापेक्षा थंडी सरताना जास्त असतो. हिवाळ्यात माश्या एकमेकींना बिलगून घट्ट घोळका करून राहतात आणि पेटीत पिलावा (अंडी, अळ्या आणि कोष) नसल्याने मध बेताने खर्च होतो. दिवस मोठे होऊ लागले की राणीमाशी पुन्हा अंडी घालू लागते. मग पिलाव्याभोवतीचे तापमान 34 ते 35 अंश सेल्सिअस राखावे लागते. ही ऊब माश्या उडण्याचे स्नायू थरथरवून निर्माण करतात आणि त्यासाठी मधच जळतो. म्हणजे बाहेर काहीच मिळत नसताना घरातला खर्च एकदम वाढतो. अशा उपासमारीने मेलेली वसाहत पाहताक्षणी ओळखू येते. रिकाम्या षट्कोनी घरांत माश्या डोके खुपसून मेलेल्या असतात, बाहेर दिसतात ती फक्त पोटांची टोके. कधीकधी दोनच चौकटी (पेटीत पोळे ज्यांवर बांधले जाते त्या लाकडी चौकटी) पलीकडे मध शिल्लक असतो, पण थंडीत पिलावा सोडून घोळका तिथवर सरकलेला नसतो. म्हणून पेटीत मध किती आहे याइतकेच तो माश्यांपासून किती अंतरावर आहे हेही महत्त्वाचे ठरते.

शिल्लक अजमावण्याचा जुना मार्ग म्हणजे पेटी मागच्या बाजूने बोटभर उचलून वजनाचा अंदाज घेणे. थंडीत चौकटी बाहेर काढून पाहण्यापेक्षा हे बरे, कारण पिलाव्याला गारठा लागत नाही.

काय द्यायचे हे हवामानावर ठरते. तापमान 10 अंशांच्या खाली असेल तर माश्या पाकाला सहसा तोंड लावत नाहीत. शिवाय पातळ पाकातले पाणी उडवायला ऊब खर्ची पडते आणि पेटीत दमटपणा वाढतो. अशा वेळी साखरेचा मऊ, मळलेला गोळा (फॉन्डंट) घोळक्याच्या थेट डोक्यावर ठेवतात. हवा उबदार झाली आणि माश्या रोज बाहेर पडू लागल्या की साखर व पाणी वजनाने समसमान घेऊन पाक करतात. शरद ऋतूतला पाक याहून दाट, दोन भाग साखर आणि एक भाग पाणी असा असतो, कारण तो साठवण्यासाठी असतो. वसंतातला पातळ पाक मकरंदासारखा लगेच वापरला जातो. भांड्यात काड्या किंवा तरंगता लाकडी तुकडा टाकला नाही तर माश्या त्यात बुडून मरतात.

साखर शुद्ध पांढरीच हवी. गूळ, काकवी, तपकिरी साखर यांतले न पचणारे घटक आतड्यात साठतात. थंडीमुळे बाहेर उडून विष्ठा टाकता आली नाही तर माश्यांना हगवण लागते आणि पेटी आतून बरबटते. पाक करपवू नये. त्यात व्हिनेगर किंवा लिंबू घालून उकळण्याची जुनी कृतीही टाळलेलीच बरी, कारण आम्ल आणि उष्णतेमुळे हायड्रॉक्सिमिथाइलफुरफुराल हे माश्यांना विषारी असणारे द्रव्य तयार होते. कुठला ते माहीत नसलेला मध तर देऊच नये. अमेरिकन फाउल ब्रूड या पिलाव्याच्या रोगाचे बीजाणू मधातून पसरतात आणि ते कित्येक दशके जिवंत राहतात.

साखर ही नुसती ऊर्जा झाली. अळ्या वाढवायला प्रथिने लागतात आणि ती परागातून येतात. दाई माश्या पराग खाऊन डोक्यातील ग्रंथींतून दुधाळ खाद्य स्रवतात व ते अळ्यांना भरवतात. एकोणिसाव्या शतकात यान झिएर्झोन या मधपाळाच्या नजरेस आले, की वसंताच्या सुरुवातीला त्याच्या माश्या जवळच्या गिरणीतून राय धान्याचे पीठ आणत आहेत. परागाला पर्याय देण्याची कल्पना तेव्हापासून रुजली. आज सोयाबीनचे पीठ, यीस्ट आणि साखरेचा पाक मळून त्याच्या पातळ थापट्या चौकटींवर ठेवतात. प्रथिनांचा प्रश्न त्यातून बराचसा सुटला, तरी परागातील विशिष्ट स्टेरॉल (माश्यांच्या वाढीला लागणारी स्निग्ध द्रव्ये) या मिश्रणांत नसतात. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ही स्टेरॉल बनवणारे यीस्ट तयार केल्याचे 2025 मध्ये प्रसिद्ध केले.

वाढीसाठी खाद्य द्यायचे तर गणित वेळेचे आहे. अंड्यापासून कामकरी माशी बाहेर यायला 21 दिवस लागतात, आणि तिने फुलांवर जायला आणखी सुमारे तीन आठवडे. म्हणून मुख्य फुलोऱ्याच्या सहा ते आठ आठवडे आधी सुरुवात करावी लागते. कॅलिफोर्नियातील बदामाच्या बागा फेब्रुवारीत फुलतात. तिथे परागीभवनासाठी पेट्या भाड्याने देणाऱ्यांना तेवढ्या लवकर भरलेल्या वसाहती हव्या असतात, त्यामुळे त्यांचा हिशोब वेगळा. बाकीच्यांसाठी, पेटीत मध आणि पराग पुरेसा असेल तर या खटाटोपातून फारसे हाती लागत नाही. प्रयोगांचे निष्कर्षही परस्परांशी जुळत नाहीत. उलट थंडी परतली तर अवेळी वाढवलेला पिलावा उबवायला माश्या कमी पडतात. सगळे जमून आले तरी वसाहत लवकर दाटते आणि फुटून थवा उडून जाण्याचा संभव वाढतो. एकदा हात घातला की निसर्गात पुरेसे मिळू लागेपर्यंत तो मध्येच आखडता घेता येत नाही, कारण वाढलेली तोंडे त्या पाकावरच पोसली जात असतात.

खाद्य पेटीच्या आत आणि शक्यतो संध्याकाळी देतात. दारापाशी सांडलेला पाक शेजारच्या पेट्यांतील माश्यांना लुटीचे आमंत्रण ठरतो आणि त्यात दुबळ्या वसाहतीचा बळी आधी जातो. उघड्यावर सामायिक भांडे ठेवल्यास त्यातून रोगही पसरतात.

मधकोठ्या (काढायचा मध साठावा म्हणून पेटीवर ठेवायचे वरचे मजले) चढवण्याआधी पाक बंद करावा लागतो, नाहीतर तोच साठवला जाऊन मध म्हणून काढला जातो आणि ती भेसळ ठरते. उसाच्या साखरेची अशी भेसळ कार्बनच्या समस्थानिकांच्या (कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या) चाचणीत सापडते, कारण ऊस आणि बहुतेक मकरंद देणाऱ्या वनस्पती कार्बन वेगवेगळ्या पद्धतीने बांधतात. शुगरबीटची साखर मात्र या चाचणीतून निसटते.