इपीली, ओसुइटोक

(१९२३–२००५). कॅनडातील इन्युइट (आर्क्टिक प्रदेशातील मूळ रहिवासी, पूर्वी ‘एस्किमो’ म्हणत) पाषाणशिल्पकार. जन्म उत्तर कॅनडातील बॅफिन बेटाच्या नैर्ऋत्येस, केप डॉर्सेट (२०२० पासून किंगाइत) गावाजवळच्या शिकारी वस्तीवर. इन्युइटांत आडनाव लावायची रीत नव्हती. १९४० च्या दशकात सरकारने माणशी एकेक क्रमांकाचा बिल्ला दिला, आणि गावातल्या जुन्या शिल्पांच्या तळाशी कित्येकदा हाच ‘ई७’ ने सुरू होणारा आकडा कोरलेला सापडतो.

इपीली आधी शिकारी. वॉलरस या मोठ्या सागरी प्राण्याच्या सुळ्यावर बारीक कोरीवकाम ते तरुणपणापासून करीत. कोल्ह्याच्या कातड्यांचे भाव कोसळल्यावर गावाला दुसरे उत्पन्न हवेच होते. चित्रकार जेम्स ह्यूस्टन यांच्या खटपटीने १९४९ मध्ये माँट्रियलला इन्युइट शिल्पांची विक्री झाली, तेव्हापासून दगडकामाला गिऱ्हाईक मिळू लागले. या शिल्पांना सरसकट शंखजिऱ्याची म्हणतात, पण किंगाइतचा हिरवा दगड बहुतांशी सर्पेंटाइन, म्हणजे शंखजिऱ्याहून कठीण. आधी कुऱ्हाडीने ढोबळ आकार काढायचा, मग छिन्नी, कानस आणि शेवटी पाणी लावून पॉलिश पेपर.

त्यांचे कॅरिबू (उत्तर अमेरिकेतले रेनडिअर) पाहावेत. भरदार धड, ताणलेली मान, वर खऱ्या शिंगातून घडवून बसवलेली शिंगे, आणि हा सगळा भार काटकुळ्या पायांवर. दगड वाकत नाही, तुटतो. पायाशी एक घाव चुकला की सगळी मेहनत वाया. असा तोल साधायला जनावर चालताना पाहिलेलेच असावे लागते. मासे मारणाऱ्या बायका आणि पक्षी हेही त्यांचे आवडते विषय. कॅनडाच्या वायव्य प्रदेशाच्या विधिमंडळाचा पहिला राजदंड (१९५५) त्यांच्याच देखरेखीखाली घडला; त्यात नारव्हाल या लांब सुळ्याच्या देवमाशाचा सुळा वापरला आहे. १९७३ मध्ये रॉयल कॅनेडियन अकादमी या कलासंस्थेने त्यांना सदस्य करून घेतले.

त्यांचे नाव मात्र शिल्पांइतकेच एका प्रश्नासाठी घेतले जाते, हे थोडे अन्यायाचेच. ह्यूस्टन सांगतात त्याप्रमाणे, १९५७ च्या हिवाळ्यात सिगारेटच्या दोन पाकिटांवरचा खलाशी हुबेहूब सारखा पाहून इपीलींनी विचारले, एकच चेहरा पुन्हापुन्हा रंगवून माणूस कंटाळत नसेल का? ह्यूस्टननी इपीलींच्याच कोरलेल्या सुळ्यावर शाई चोळली, वर पातळ कागद दाबला आणि ठसा उचलून दाखवला. ‘हे आपल्यालाही जमेल,’ इपीली म्हणाले. १९५९ मध्ये किंगाइतच्या मुद्राचित्रांचा (अशा ठशांनी छापलेल्या चित्रांचा) पहिला वार्षिक संग्रह निघाला. इपीलींनी मोजकी मुद्राचित्रे केली आणि ते पुन्हा दगडाकडे वळले.