जाणीवपूर्वक ताबा (अमली पदार्थांचे खटले)

जाणीवपूर्वक ताबा : अमली पदार्थ एखाद्या व्यक्तीच्या हुकमतीत असणे आणि तो तिथे आहे हे तिला ठाऊक असणे, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे होणारा ताबा. भारतात असे खटले १९८५ च्या गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाखाली चालतात. कोर्टात आणि वर्तमानपत्रांत त्याला एनडीपीएस कायदाच म्हणतात. या कायद्यात ‘बाळगणे’ हा गुन्हा आहे, पण बाळगणे म्हणजे नेमके काय याची व्याख्या त्यात नाही. ‘जाणीवपूर्वक’ हे विशेषण न्यायालयांनी निकालांतून जोडले आणि आज अशा बहुतेक खटल्यांचा निकाल त्याच एका शब्दावर लागतो.

ताबा म्हणजे माल अंगावर सापडणे असा सर्वसाधारण समज आहे आणि तो चुकीचा आहे. बँकेच्या लॉकरमधला ऐवज बँकेच्या इमारतीत असतो, तरी ताबा किल्ली बाळगणाऱ्याचा. उलट गर्दीत कोणी माझ्या पिशवीत पुडी सरकवली, तर ती माझ्या खांद्यावर असूनही माझ्या ताब्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात हा विचार मांडला तो शस्त्र कायद्याच्या संदर्भात : वस्तू हातात नसली तरी तिच्यावर हुकमत असेल आणि तशी जाणीव असेल, तर ताबा आहे. १९७९ च्या अनिलकुमार भुंजा खटल्यात न्यायालयाने हेही मान्य केले, की ताबा या शब्दाला सगळीकडे लागू पडेल अशी एकच व्याख्या करता येणार नाही. अमली पदार्थांच्या खटल्यांनी हे दोन्ही विचार उचलले.

या संकल्पनेचा सगळ्यात बोलका दाखला राजस्थानातला आहे. न्यायालयाच्या मालखान्यातून, म्हणजे जप्त माल ठेवण्याच्या खोलीतून, अफू चोरीला गेली ती १२-१३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री. एनडीपीएस कायदा १४ नोव्हेंबरला अमलात आला. पुढे १६ जानेवारी १९८६ रोजी आरोपीने जागा दाखवली आणि तिथली जमीन उकरून अफू बाहेर काढली गेली. कायदा नव्हता तेव्हा केलेल्या चोरीसाठी नव्या कायद्याची शिक्षा कशी, असा बचाव होता. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. चोरी एका रात्रीत संपली, बाळगणे मात्र माल सापडेपर्यंत चालूच होते. माल आरोपीच्या घरात नव्हता, अंगावर नव्हता, मातीखाली होता. पण तो कुठे आहे हे त्यालाच ठाऊक होते आणि हवा तेव्हा तो काढू शकत होता. हुकमत आणि जाणीव वेगळ्या करून दाखवताच येत नाहीत, असे हे प्रकरण.

बहुतेक प्रकरणे इतकी स्वच्छ नसतात. जाणीव मनात असते आणि मनाचा पंचनामा होत नाही. या अडचणीवर कायद्याने कलम ३५ आणि कलम ५४ यांतून उत्तर काढले. कलम ३५ प्रमाणे न्यायालय आरोपीची दोषी मनःस्थिती, म्हणजे हेतू, उद्देश, माहिती किंवा तसे मानण्याचे कारण, गृहीत धरते आणि ती नव्हती हे आरोपीने दाखवायचे असते. कलम ५४ प्रमाणे माल ताब्यात सापडला आणि त्याचा समाधानकारक खुलासा झाला नाही, तर गुन्हा केला असे अनुमान काढता येते. एरवी फौजदारी खटल्यात आरोपी गप्प बसू शकतो आणि सारे काही सरकार पक्षाने शाबीत करायचे असते. इथे त्या रिवाजाला मोठी मुरड घातली आहे.

ही मुरड कुठवर न्यायची, हे २००८ च्या नूर आगा निकालाने ठरवले. अमृतसरच्या विमानतळावर द्राक्षांच्या खोक्यात १ किलो ४०० ग्रॅम हेरॉइन सापडल्याचा आरोप होता. सर्वोच्च न्यायालयाने ही दोन्ही कलमे घटनाबाह्य ठरवली नाहीत, मात्र क्रम पक्का केला : माल याच माणसाकडून, याच ठिकाणी, कायद्याने सांगितलेल्या रीतीने जप्त झाला, ही पायाभूत तथ्ये आधी सरकार पक्षाने वाजवी संशयापलीकडे शाबीत करायची. त्यानंतरच अनुमान लागू होते आणि ओझे आरोपीकडे जाते. कलम ३५ चे दुसरे उपकलम आरोपीलाही वाजवी संशयापलीकडच्या पुराव्याने बांधते. तरीही या निकालात न्यायालयाने म्हटले, की आरोपीकडून अपेक्षित पुराव्याची पातळी सरकार पक्षाइतकी उंच नसते. कलमाची भाषा आणि निकालाची भाषा यांत इथे उघड अंतर आहे, आणि ते निकालाच्या बाजूने मिटायला हवे असे वाटते. आपल्याला माहीत नव्हते हे संशयातीतपणे शाबीत करणे निरपराध माणसालाही जवळपास अशक्य असते. नूर आगा प्रकरणात मूळ मुद्देमाल न्यायालयात आलाच नाही. जप्तीत इतरही त्रुटी होत्या, आणि आरोपी सुटला.

खरी कसोटी वाहनांत लागते. २००२ च्या अवतारसिंग खटल्यात अफूच्या बोंडांच्या भुशाची पोती भरलेला ट्रक अडवला गेला. दोघे पळाले आणि ट्रकमधल्या बाकीच्यांवर खटला चालला. पोत्यांवर नुसते बसलेले असणे म्हणजे ताबा नव्हे, ते भरण्या-उतरवण्याच्या कामावरचे मजूरही असू शकतात, असे न्यायालय म्हणाले. आरोपींचा जबाब घेताना ताब्याचा प्रश्नच त्यांना विचारला गेला नव्हता, ही चूकही निर्णायक ठरली. पुढच्याच वर्षी मदनलाल खटल्यात मात्र खासगी मोटारीतल्या चरसाबद्दल पाचही जणांची शिक्षा कायम राहिली. ते एकमेकांना अनोळखी नव्हते, एकत्र निघाले होते, गाडी सार्वजनिक नव्हती, आणि माल तिथे कसा आला याचा खुलासा कोणी केला नाही.

हे निकाल एकमेकांना छेद देत नाहीत, कारण ट्रकमधल्या मजुराचे मालाशी असलेले नाते आणि मोटारीतल्या सोबत्याचे नाते सारखे नसते. अहमदाबादच्या एका रिक्षाचालकाचे प्रकरण या दोहोंच्या मधले आहे. त्याच्या रिक्षात चरसाची चार पोती सापडली. ती दुसऱ्यांनी ठेवली, आत काय आहे ते मला ठाऊक नव्हते, असे त्याचे म्हणणे. आधी मिळालेली खबर पोलिसांनी लिहून ठेवली नव्हती. ती लिहिली असती तर त्या खबरीत कोणाचे नाव होते हे कळले असते. ही उणीव न्यायालयाने आरोपीच्या बाजूने धरली आणि २००० मध्ये तो निर्दोष सुटला. भाडे मारणाऱ्या माणसाला प्रवाशाचे सामान उघडून पाहण्याचा अधिकार नसतो, हे अशा खटल्यांत तपास अधिकाऱ्यांनी कायम डोक्यात ठेवायला हवे.

जाणिवेचे अनुमान परिस्थितीवरून काढता येते, हे १९८८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या व्हिएन्ना करारातही नमूद आहे. ती परिस्थिती मात्र बारीकसारीक असते. रेल्वेच्या बाकाखाली बॅग सापडते. तिला साखळी कोणी लावली, किल्ली कोणाच्या खिशात निघाली, आतले कपडे कोणाच्या मापाचे, तिकीट कोणत्या स्थानकापासूनचे, बॅग उघडताना कोण काय बोलले? या प्रश्नांची उत्तरे पहिल्या अर्ध्या तासात नोंदवली तर खटला उभा राहतो. महिन्यांनंतर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ती आठवत नाहीत, आणि पंच फितूर झाला तर काहीच हाती उरत नाही. गाडीत मुद्दाम बनवलेला चोरकप्पा हा मात्र भक्कम पुरावा असतो, कारण तो कोणीतरी, काहीतरी दडवण्यासाठीच केलेला असतो. तरीही तो चालकाने केला की मालकाने, हा प्रश्न उरतोच. म्हणूनच गाडी किंवा जागा वापरू देणाऱ्या मालकाला कलम २५ लागते ते त्याने जाणूनबुजून वापरू दिली असेल तरच.

झडतीचे नियम या सगळ्याला जोडलेले आहेत. अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागण्याचा हक्क आरोपीला सांगावाच लागतो (कलम ५०). १९९९ चा बलदेवसिंग आणि २०१० चा विजयसिंह जडेजा हे घटनापीठाचे निकाल त्याबाबत ठाम आहेत. हातातल्या बॅगेला हे कलम लागू नाही, असे २००५ मध्ये पवनकुमार खटल्यात ठरले. जप्त मालाचे नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढायचे असतात (कलम ५२ अ). २०२० च्या तोफानसिंग निकालापासून नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोसारख्या यंत्रणांच्या अधिकाऱ्यांसमोर कलम ६७ खाली दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वी ‘मला माहीत होते’ हे वाक्य त्या जबाबातून सहज मिळे. आता ते परिस्थितीतूनच उभे करावे लागते.

शिक्षेचे मोजमाप वजनावर होते. हेरॉइन २५० ग्रॅमहून किंवा गांजा २० किलोहून अधिक असेल तर ते व्यापारी प्रमाण. त्याला किमान १० आणि कमाल २० वर्षे सक्तमजुरी आणि किमान १ लाख रुपये दंड. अशा प्रकरणांत कलम ३७ मुळे आरोपी दोषी नाही असे मानायला वाजवी कारण आहे, याबद्दल न्यायालयाची खात्री पटल्याशिवाय जामीन मिळत नाही. त्यामुळे जाणिवेचा वाद खटला सुरू होण्याआधी, जामिनाच्या अर्जातच लढला जातो. २०२१ मध्ये महंमद नवाझ खान प्रकरणात गाडीत दडवलेल्या हेरॉइनबद्दल दिलेला जामीन सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. आरोपीच्या अंगावर काही सापडले नाही एवढ्यावरून कलम ३७ ची अट पुरी होत नाही, असे कारण दिले. तळातल्या वाहकाला हे सर्वांत जड जाते : माल त्याच्याजवळ असतो, माहिती बहुधा अर्धवट असते आणि माल धाडणारा क्वचितच सापडतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक झाले आहे. बॅगेला हात लावण्याआधीपासून कॅमेरा चालू असेल, तर किल्ली कोणाच्या खिशातून निघाली हे न्यायाधीशांना स्वतः पाहता येते. तो बॅग उघडल्यावर चालू झाला, तर ते पुन्हा पंचाच्या तोंडूनच ऐकावे लागते.