बॉम जेझूसचा जांभा उघडा कधीपासून?

‘जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस चर्च बांधतानाच बिनगिलाव्याचं ठेवलं होतं’ असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. 1594 साली काम सुरू होऊन 1605 मध्ये पूर्ण झालेल्या या चर्चला शेजारच्या से कॅथेड्रलसारखाच चुन्याचा गिलावा होता. 1950च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुविशारदाने तो उतरवला. इमारत अधिक ‘प्राचीन’ दिसावी म्हणून. दिसते, यात शंका नाही. पण ज्या दगडात ती बांधली आहे, त्या जांभ्याला ते मानवत नाही.

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. तरी सच्छिद्र तो सच्छिद्रच. पावसाळ्यात भोकांतून पाणी शिरतं, आतली माती धुऊन जाते आणि पृष्ठभाग भुगा होऊन झडतो. दर्शनी भागावरची नक्षी मात्र वसईहून आणलेल्या काळ्या दगडात असल्याने अजून धारदार आहे. भोवतीचा जांभा झिजलेला.

सांधे सिमेंटने भरणं तर आणखी वाईट. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही, मग ती दगडातूनच वाट काढते आणि सांधा शाबूत राहून दगड खचतो. चुना श्वास घेतो, आधी स्वतः झिजतो. काही वर्षांनी पुन्हा लावला की झालं.